रीक, रेक की रॉट? ‘हॅवॉक’ला चिकटलेल्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाविषयी

प्रश्न असा आला आहे: वादळाने, रोगाने किंवा युद्धाने हाहाकार माजवला असं सांगताना इंग्रजीत ‘हॅवॉक’च्या आधी येणारं क्रियापद तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. कुठे डब्ल्यू-आर-ई-ए-के, कुठे डब्ल्यू-आर-ई-सी-के, तर कुठे नुसतं आर-ई-ई-के. भूतकाळात कुणी ई-डी लावतं, कुणी सरळ ‘रॉट’ (डब्ल्यू-आर-ओ-यू-जी-एच-टी) लिहितं. यातलं बरोबर काय? उच्चार ‘रीक’ की ‘रेक’? या शब्दाचा अर्थ ‘नाश करणे’ असाच धरायचा का? आणि ‘द स्टॉर्म रीक्ड द व्हिलेज’ हे वाक्य चालेल का?

घाईत असलेल्यांसाठी आधी थोडक्यात. स्पेलिंग डब्ल्यू-आर-ई-ए-के. उच्चार ‘रीक’, ‘स्पीक’शी यमक जुळणारा. भूतकाळ ई-डी लावून. बोलताना शेवटी ‘ट’ ऐकू येतो. ‘रॉट’ हे मुळात दुसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे, तरी हॅवॉकच्या सोबत ते आलं तर त्यावर लाल रेघ मारायचं कारण नाही. अर्थ ‘नाश करणे’ असा नाही, आणि म्हणूनच ते शेवटचं वाक्य चालणार नाही. इंग्रजी मजकूर तपासणं आणि शिकवणं हे माझं काम असल्यामुळे हे क्रियापद सारखं समोर येतं. त्यात होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका एकाच गैरसमजातून येतात, तो म्हणजे नासधूस या क्रियापदातच आहे असं धरून चालणं. नासधूस त्याच्या कर्मात असते. क्रियापदाचं स्वतःचं काम निराळं आहे, आणि ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 सालापूर्वीच्या इंग्रजीत, हे क्रियापद ‘व्रेकन’ असं होतं. सुरुवातीचा ‘व’ तेव्हा स्पष्ट उच्चारला जाई. मूळ अर्थ ढकलणे, हाकणे, हाकलून देणे, बाहेर काढणे. इंग्रजी, जर्मन, डच या भाषा ज्यात येतात त्या जर्मानिक कुळातल्या भावंडांकडे पाहिलं की हाच गाभा दिसतो. जुन्या नॉर्समधलं, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतलं, ‘रेका’ म्हणजे हाकणे. चौथ्या शतकात बायबल गॉथिक भाषेत उतरवलं गेलं, त्यातलं ‘व्रिकन’ म्हणजे पाठलाग करून छळणे. डचमध्ये ‘व्रेकन’ आणि जर्मनमध्ये ‘रेखन’ या दोन्हींचा आजचा अर्थ सूड घेणे असा आहे, आणि जर्मनमध्ये सुडाला ‘राखं’ म्हणतात. काही कोश याच मुळाशी लॅटिनमधलं ‘उर्गेरे’, म्हणजे रेटणे, जोडतात. इंग्रजीतलं ‘अर्ज’ हे क्रियापद लॅटिनमधून आलं, ते या ‘उर्गेरे’पासून. लॅटिनमध्ये ‘ग’ आणि जर्मानिक भाषांत ‘क’ हा फरक नियमाला धरून आहे. गुडघ्याला लॅटिनमध्ये ‘गेनु’ आणि इंग्रजीत ‘नी’. त्या ‘नी’च्या आरंभी आजही लिहिला जाणारा मूक ‘के’ हा त्याच नियमाचा अवशेष आहे.

‘बाहेर काढणे’ या एका कल्पनेतून जुन्या इंग्रजीत तीन वाटा फुटल्या. त्यातली मला सर्वांत आवडणारी वाट आज पूर्ण बुजली आहे, पण तिच्यावरून या शब्दाचा स्वभाव कळतो. ‘व्रेकन’चा एक अर्थ होता उच्चारणे, म्हणणे, गाणे: शब्द मनातून बाहेर काढणे. दहाव्या शतकात लिहिलेलं ‘एक्सेटर बुक’ नावाचं हस्तलिखित आहे. 1072 साली वारलेले बिशप लिओफ्रिक यांनी ते एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलं. जुन्या इंग्रजी कवितेचा मोठा साठा त्यात आहे. त्यातल्या दोन कविता थेट या क्रियापदाने सुरू होतात. आजचे अभ्यासक ज्या कवितेला ‘द सीफेअरर’ म्हणतात, तिच्या पहिल्या ओळीत निवेदक म्हणतो की मी माझ्याविषयी खरं गीत ‘व्रेकन’ करू शकतो. ‘द वाइफ्स लॅमेंट’ ही एका स्त्रीची विलापिका, आणि ती म्हणते, मी हे गीत ‘व्रेके’ करते, माझ्याच दुःखाचं. दोन्हीकडे विध्वंसाचा संबंध नाही. आत साठलेलं बाहेर येतं आहे, इतकंच.

गंमत पुढे आहे. हाकलून दिलेल्या माणसाला जुन्या इंग्रजीत ‘व्रेक्का’ म्हणत, आणि हा शब्द त्याच क्रियापदापासून झालेला. वरच्या दोन्ही कवितांत तोही येतो, कारण दोन्ही कवितांचे निवेदक आपल्या माणसांपासून तुटलेले आहेत. म्हणजे हाकललेला माणूस आणि त्याच्या तोंडून बाहेर पडणारं गीत, दोहोंसाठी एकच धातू, आणि तोही एकाच कवितेत. कवींनी हे मुद्दाम साधलं असावं असं मला वाटतं, पण तो माझा कौल झाला.

या ‘व्रेक्का’चं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. घरादाराला पारखा झालेला तो दीनवाणा, या वाटेने इंग्रजीत त्याचा ‘रेच’ झाला: डब्ल्यू-आर-ई-टी-सी-एच, म्हणजे अभागी, करुणास्पद, कधी नीच माणूस. जर्मनमध्ये त्याच शब्दाने उलटी दिशा धरली. देश सोडून भटकणारा, तलवारीवर जगणारा माणूस तिथे हळूहळू पराक्रमी ठरला, आणि ‘रेके’ म्हणजे वीर असा अर्थ झाला. एकाच निर्वासिताला एका भाषेने कीव दिली, दुसरीने मान.

दुसरी वाट सुडाची. सूड हा अर्थ ‘हाकणे’पासून फार दूर नाही, अपराध्याचा पिच्छा पुरवणे, त्याला पिटाळणे, शासन करणे अशा पायऱ्या मधे आहेत. या अर्थाने वापरताना जुन्या इंग्रजीचं व्याकरण मात्र आजच्यापेक्षा अगदी वेगळं होतं. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात नायक राजाला म्हणतो, फार शोक करत बसण्यापेक्षा माणसाने आपल्या मित्राला ‘व्रेकन’ करावं हे बरं. आजच्या कानाला हे भयंकर वाटेल; मित्राचंच वाटोळं करा असं काहीतरी. तेव्हाचा अर्थ सरळ होता: मारल्या गेलेल्या मित्राचा सूड घ्या. ज्याच्यासाठी सूड घ्यायचा तो कर्म. मधल्या इंग्रजीपर्यंत, म्हणजे साधारण 1100 ते 1500 या काळातल्या इंग्रजीपर्यंत, हे चाललं. अन्याय हेही कर्म होऊ शकत असे: झालेला अन्याय ‘रीक’ करणे म्हणजे त्याची भरपाई वसूल करणे. शेक्सपिअरच्या काळात तर हा शब्द सूड या अर्थाचं नाम म्हणूनही वापरात होता. त्याच्या ‘टायटस अँड्रॉनिकस’ या नाटकात गॉथ लोकांशी हातमिळवणी करून रोमवर ‘रीक’ घ्यावा असा सल्ला आहे.

तिसरी वाट आपल्यापर्यंत पोचली, आणि ती मराठी माणसाला समजायला सर्वांत सोपी आहे. राग मनात असतो. तो आपण कुणावर तरी काढतो. मराठीत ‘राग काढणे’ म्हणताना ‘काढणे’ या क्रियापदात राग नाही आणि इजाही नाही; आतलं बाहेर काढून दुसऱ्यावर टाकण्याची हालचाल तेवढी आहे. ‘रीक’चं नेमकं तसंच आहे. क्रोध, सूड, द्वेष हे त्याचे जुने सोबती, आणि ज्याच्यावर ते काढायचे त्याच्या आधी ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’. सूड घेणं हा क्रियापदाचा स्वतःचा अर्थ जसजसा मागे पडला, तसतसं सूड या अर्थाचं वेगळं नाम कर्म म्हणून सोबत घेणं भाग पडलं. म्हणून आज ‘रीक व्हेंजन्स ऑन’ म्हणावं लागतं. पूर्वी ते एका शब्दात भागत असे.

विध्वंसाचा रंग याला चढला तो या सोबत्यांमुळे. पण हा रंग पक्का नाही, याचा एक चांगला पुरावा एकोणिसाव्या शतकातला आहे. बायरनच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या तिसऱ्या सर्गात, जो 1816 साली प्रसिद्ध झाला, कवी म्हणतो की माझ्या आत खोलवर जे आहे ते मला व्यक्त करता आलं असतं, माझे विचार अभिव्यक्तीवर ‘रीक’ करता आले असते तर. ओळीत क्रोधाची धग आहे, पण नासधूस कशाचीच नाही. एक्सेटर बुकातल्या त्या दोन आरंभांजवळ ही ओळ ठेवून पाहा. त्या आरंभांना आणि या ओळीला जोडणारी सलग परंपरा होती असा माझा दावा नाही. तरी शब्दाच्या तळाशी जी हालचाल आहे, ती चांगल्या कवीला जाणवते एवढं नक्की.

आता स्पेलिंग आणि उच्चार. जुन्या इंग्रजीत ‘व्रेकन’मधला ‘ए’ ऱ्हस्व होता. मधल्या इंग्रजीत तो दीर्घ झाला, आणि पुढे या विशिष्ट दीर्घ ‘ए’साठी ई-ए असं लिहिण्याची पद्धत रूढ झाली. नंतर उच्चार वर सरकत गेला आणि बहुतेक ई-ए वाले शब्द ‘ई’ला येऊन थांबले: स्पीक, वीक, मीट. अठराव्या शतकाच्या आरंभीही हा प्रवास सगळीकडे संपलेला नव्हता. कवी अलेक्झांडर पोपने ‘टी’ या पेयाचं यमक ‘ओबे’शी जुळवलं आहे, म्हणजे तो ‘टे’ म्हणत होता. ब्रेक, ग्रेट, स्टेक हे मोजके शब्द वाटेत अडकले ते अडकलेच. आपल्या शब्दाचं आणि ‘ब्रेक’चं जुनं रूप जवळपास सारखं, ‘व्रेकन’ आणि ‘ब्रेकन’. म्हणून स्पेलिंगकडे बघून ‘रेक’ असा उच्चार करणाऱ्याला मी हसत नाही. तरी प्रमाण उच्चार ‘रीक’ हाच.

आरंभीचा डब्ल्यू मूक झाला तो साधारण सतराव्या शतकापर्यंत. डचमध्ये याच शब्दात तो अजून ऐकू येतो. इंग्रजीतल्या डब्ल्यू-आर जोडीने सुरू होणाऱ्या शब्दांत पिळण्या-मुरडण्याच्या अर्थाचा मोठा गट आहे: रिंग म्हणजे पिळणे, रिस्ट म्हणजे मनगट, रेसल म्हणजे कुस्ती खेळणे, रेंच म्हणजे हिसडा. शिकणाऱ्यांना हा गट लक्षात ठेवायला सोपा जातो. मात्र आपलं क्रियापद त्यात बसत नाही. त्यात मुरड नाही, रेटा आहे.

डब्ल्यू नसलेलं आर-ई-ई-के हे वेगळ्याच मुळाचं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ धुमसणे, धूर सोडणे असा होता. दुर्गंधी हा अर्थ मागाहून आला. एडिंबरो शहराला ‘ओल्ड रीकी’ असं टोपणनाव आहे ते चुलींच्या आणि धुराड्यांच्या धुरामुळे. तेव्हा हॅवॉकच्या आधी हे स्पेलिंग लिहिलं की हाहाकाराला घाण वास मारतो आहे असं होतं. अशी चूक संगणकाचा स्पेलिंग तपासनीस पकडेलच असं नाही, कारण शब्द म्हणून तो खरा आहे.

डब्ल्यू-आर-ई-सी-के मात्र परका नाही. तो नात्यातला आहे, आणि म्हणूनच जास्त फसवतो. समुद्राने ढकलत आणून किनाऱ्यावर टाकलेली वस्तू असा त्याचा जुना अर्थ. नॉर्स भाषेतून नॉर्मन काळातल्या कायद्याच्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत तो आला. फुटलेलं जहाज हा अर्थ नंतरचा, आणि मोडून टाकणे हे क्रियापद त्याहूनही नंतरचं. कायद्यात या शब्दाला फार भाव होता, कारण किनाऱ्याला लागलेल्या बेवारस मालावर राजाचा हक्क असे. मग बेवारस कधी म्हणायचं? 1275 सालच्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने ठरवलं की जहाजावरून एखादा माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटलं असेल तर तो माल ‘रेक’ धरायचा नाही. एका मांजरामुळे राजाचा हक्क जाऊ शकत होता! ब्रिटनमध्ये अशा मालाचा हिशेब पाहणारा ‘रिसीव्हर ऑफ रेक’ हा अधिकारी आजही आहे. याच घरातला ‘रॅक’, डब्ल्यू घेऊन, म्हणजे लाटांनी किनाऱ्यावर टाकलेलं समुद्रशेवाळ. ‘रॅक अँड रुइन’मध्येही तोच. मज्जातंतू ताणणाऱ्या अनुभवाला ‘नर्व्ह-रॅकिंग’ म्हणताना मात्र डब्ल्यूशिवायचं स्पेलिंग मला योग्य वाटतं, कारण तिथला रॅक म्हणजे माणसाला ताणून छळण्याची चौकट. कोश दोन्ही देतात.

तर ‘रेक हॅवॉक’ का चूक? रेक म्हणजे मोडणे हे आज थेट वस्तूवर चालतं: गाडी मोडली, घर मोडलं. हाहाकार मोडला असं म्हटलं तर अर्थ उलटा होतो, हाहाकार संपवला असा.

हॅवॉकविषयीही दोन शब्द सांगायलाच हवेत. हा शब्द मुळात वर्णनाचा नव्हता, तो रणांगणावरचा पुकारा होता. सैन्यात कुणी ‘हॅवॉक’ असं ओरडलं की लुटीला मोकळीक मिळाली असं समजत, आणि रांगा मोडून शिपाई लुटीला धावत. सेनापतीच्या दृष्टीने हे घातक. लढाई अजून चालू आणि सैन्य गायब. इंग्लंडचा राजा दुसऱ्या रिचर्डने 1385 साली स्कॉटलंडच्या मोहिमेसाठी जे सैनिकी नियम काढले, त्यांत हा पुकारा करणाऱ्याला शिरच्छेदाची शिक्षा सांगितली आहे. शेक्सपिअरच्या ‘जूलियस सीझर’मध्ये अँटनी सीझरच्या प्रेतापाशी बोलताना हॅवॉकचा पुकारा करून युद्धाची कुत्री मोकळी सोडण्याची भाषा करतो, ती याच अर्थाने. त्या काळी हॅवॉकबरोबर क्रियापद होतं ‘क्राय’, म्हणजे पुकारणे. ‘मेक’, ‘वर्क’ आणि ‘प्ले’ हीही त्याच्यासोबत रुळली. रीक आणि हॅवॉक यांची आज अतूट वाटणारी जोडी त्या मानाने अलीकडची आहे.

त्या ‘वर्क हॅवॉक’मध्येच ‘रॉट’चं उत्तर आहे. जुन्या इंग्रजीत काम करणे, घडवणे या क्रियापदाचा भूतकाळ ‘वोर्ख्ते’ असा होता. बोलता बोलता ‘र’ आणि ‘ओ’ यांनी जागा बदलल्या, जसं आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं, आणि ‘रॉट’ तयार झाला. ‘वर्क्ड’ हे नियमित रूप पुढे आलं आणि रॉट बाजूला पडला. घडीव लोखंडाला ‘रॉट आयर्न’ म्हणतात त्यात तो टिकला. भावनांनी फार ताणलेल्या माणसाला ‘ओव्हररॉट’ म्हणतात, तोही मुळात अति काम झालेलाच. सॅम्युअल मोर्सने 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला जो प्रसिद्ध तारसंदेश पाठवला, त्यात देवाने काय घडवलं आहे या अर्थाचं बायबलमधलं वचन होतं, आणि त्यातलं क्रियापद हेच ‘रॉट’. घडवणारा तो ‘राइट’, डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी, म्हणून नाटककाराला ‘प्लेराइट’. त्याचा लिहिण्याच्या ‘राइट’शी संबंध नाही.

म्हणजे रॉट हा आपल्या रीकचा भूतकाळ नाही आणि कधी नव्हता. रीकचं स्वतःचं जुनं अनियमित रूप होतं ‘रोकन’, स्पीक-स्पोकनच्या धर्तीवरचं. ते केव्हाच गेलं. तरीही ‘रॉट हॅवॉक’ला मी हात लावत नाही, कारण ‘वर्क हॅवॉक’ हा प्रयोग अस्सल आहे आणि रॉट हा त्याचा भूतकाळ. विशेषतः कर्मणी रचनेत, ‘द हॅवॉक रॉट बाय द स्टॉर्म’ असं, ते रीक्डपेक्षा सहज वाटतं. परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात कर्तरी वाक्य असेल तर ई-डीचं रूप लिहा, म्हणजे कुणी वाद घालणार नाही. आणि परिणाम चांगला किंवा नुसता वेगळा असेल, उदाहरणार्थ ‘द चेंजेस रॉट बाय’, तर तिथे फक्त रॉट. बदल ‘रीक’ झाले असं लिहिलं तर ते बदल वाईटच होते असं वाचणारा धरून चालेल.

राहिलं शेवटचं वाक्य. ‘द स्टॉर्म रीक्ड द व्हिलेज’ म्हणजे वादळाने गाव बाहेर काढलं. कुणावर, ते कळत नाही. या क्रियापदाला दोन गोष्टी लागतात: काय काढलं, आणि कुणावर काढलं. गाव दुसऱ्या जागी आहे, पहिली जागा रिकामी राहिली. म्हणून ‘द स्टॉर्म रीक्ड हॅवॉक ऑन द व्हिलेज’ लिहा. ऑन ऐवजी ‘इन’ही दिसतं, ठिकाण सांगायचं असेल तेव्हा ते चालतं. नुसतं गावच कर्म ठेवायचं असेल तर ‘द स्टॉर्म रेक्ड द व्हिलेज’, आणि तिथे सी-के वालं स्पेलिंग अगदी बरोबर. हॅवॉकलाच क्रियापद करायची हौस असेल तर तीही सोय कोशांत आहे, फक्त ई-डी लावताना मधे के घालायला विसरू नका, पॅनिक आणि पिकनिकला घालतात तसा.